लेखनाचा नेम

वारकरी बंधूंनो, आपल्या संप्रदायात नेमाचे माहात्म्य कोणास सांगावे लागत नाही. गळ्यात माळ पडली की एकादशी आली, हरिपाठ आला, वारी आली. मन लागो न लागो, नेम चालतो. आणि चालता चालता मन लागते. हाच नेम लेखणीला लावावा, एवढे सांगायला आज बसलो आहोत.

आम्ही पाठशाळेत वाढलो. तेथे मान पाठांतराला, वहीला नव्हे. जे कंठात नाही ते ऐन वेळी कामाचे नाही, अशी शिकवण; म्हणून लिहून ठेवणाऱ्याला आम्ही हसत असू. त्या हसण्याचे फळ 1984 सालच्या वारीत मिळाले. दिवे घाट चढताना आमच्या गुरुजींनी नवव्या अध्यायातील, पान-फूल-फळ-पाणी सांगणाऱ्या श्लोकावरच्या एका ओवीचा अर्थ सांगितला. पाऊस झिमझिमत होता, दिंडीतले दहा-बारा जण टाळ थांबवून कान देऊन चालत होते. तसा अर्थ आम्ही पूर्वी ऐकला नव्हता, पुढेही ऐकला नाही. सासवडला पोचलो तो पाय सुजलेले. म्हटले, उद्या लिहू. जेजुरीला वही उघडली, तर ‘देणाऱ्याचा हात’ एवढे दोनच शब्द हाती लागले. बाकीचे गेले. गुरुजींना सवडीने पुन्हा विचारू म्हणून राहिलो, तर कार्तिकी येण्यापूर्वी तेही गेले.

तेव्हापासून वही धरली.

पुष्कळ जण म्हणतात, ‘बुवा, आम्ही काय संत आहोत लिहायला?’ अहो, संताचे ऐकून लिहिणाराही लागतोच की! शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, ती उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव ग्रंथाच्या शेवटी आले आहे. चाकणचे संताजी जगनाडे तेलाचा धंदा करीत. तुकोबारायांचे अभंग त्यांनी वहीत उतरले, आणि त्या वहीवरून वि. ल. भावे यांनी 1919-20 मध्ये गाथा छापला. घाणा सांभाळून त्यांनी फुरसत कोठून काढली असेल, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

योगशास्त्रात अभ्यासाची तीन लक्षणे सांगितली आहेत : तो दीर्घ काळ करावा, खंड न पाडता करावा, आणि आदराने करावा. पहिली दोन सर्वांस समजतात, तिसरे विसरते. लेखनात आदर म्हणजे काय? तर तिथी घालावी, कोणाच्या मुखातून ऐकले ते लिहावे, आणि आपला तर्क असेल तर तो वेगळा लिहावा. नाथमहाराजांना शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली, ती तिच्यात मागाहून लोकांचे पाठ शिरले म्हणूनच.

नेम लहान धरावा. आम्ही काकडा झाला की चहाच्या आधी पाच ओळी लिहितो. कधी काल ऐकलेला दृष्टांत, कधी न सुटलेली शंका, कधी आईच्या तोंडची जात्यावरची ओवी. काही सुचले नाही तर ‘आज काही सुचले नाही’ असे लिहितो, पण लिहितो. पान भरून लिहिण्याचा संकल्प करणारे आम्ही खूप पाहिले. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी लग्नकार्य निघते, मग आठवड्याचे एकदम लिहू म्हणतात आणि वही बंद पडते. एकादशी चुकली म्हणून कोणी पुढच्या पंधरवड्यात दोन एकादश्या धरतो का? पुढची येते ती करतो. आमचाही नेम आजारपणात तीन महिने मोडला होता. तेवढी पाने आम्ही भरून काढली नाहीत. त्या दिवसाची तिथी घातली आणि पाच ओळी लिहिल्या.

दिवे घाटातील त्या ओवीसाठी मात्र वहीचे एक पान कोरे ठेवले आहे. त्या साली आमच्या मागेपुढे चालणाऱ्या माळकऱ्यांपैकी कोणी काही टिपले असेल, चार शब्द का असेनात, तर त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.