खहर राशी आणि नेवाशाचा अनंत

अनंताला अंकगणितात संख्येचा दर्जा देता येतो, पण संख्येचे सगळे हक्क देता येत नाहीत.

मराठी मुलखात या प्रश्नाला थेट भिडले ते भास्कराचार्य. शून्याने भागलेल्या राशीला ते ‘खहर’ म्हणतात. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या (इ.स. ११५०) बीजगणित भागात ते सांगतात, की या अनंत राशीत काही मिळवले किंवा तिच्यातून काही काढले तरी ती बदलत नाही, जसे प्रलयकाळी जीव अच्युतात, म्हणजे परमेश्वरात, लीन होतात, सृष्टिकाळी बाहेर पडतात, अच्युत मात्र तसाच राहतो.

दृष्टांत फार सुंदर आहे, पण गणिताला तो पुरत नाही. ५ ÷ ० आणि ७ ÷ ० हे दोन्ही एकच अनंत मानले आणि शून्याने गुणून मूळ संख्या परत मिळवल्या, तर ५ आणि ७ समान ठरतात. ‘लीलावती’तल्या एका उदाहरणात असाच शून्याचा गुणक शून्याच्या भाजकाने उडवला आहे: एका संख्येला शून्याने गुणावे, त्यात त्याचेच निम्मे मिळवावे, तिप्पट करावी, शून्याने भागावे, ६३ येतात. उत्तर १४. शून्याच्या जागी अतिसूक्ष्म राशी धरली तर ही रीत निर्दोष ठरते, खुद्द शून्यावर ती टिकत नाही.

खरी अडचण अनंतातून अनंत वजा करताना येते. १, २, ३... या संख्यांतून सगळ्या सम संख्या काढल्या तर अनंत विषम संख्या उरतात. दहाच्या पुढच्या सगळ्या काढल्या तर दहाच उरतात. दोन्ही वेळा काढले अनंतच, बाकी मात्र वेगळी. जर्मन गणिती कँटोर यांनी १८७४पासून अनंतांचे बेरीज-गुणाकार नियमात बसवले आणि अनंतही लहानमोठे असतात हे सिद्ध केले. पण या वजाबाकीला एकच उत्तर त्यांच्या गणितातही नाही.

गणिताबाहेरचा अनंत मात्र वेगळा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या नेवाशाला शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अकराव्या अध्यायातल्या विश्वरूपाला आदि, मध्य, अंत नाही. तिथला अनंत मोजून हाती आलेला नाही. त्याच्याबाहेर दुसरे काही नसल्याने त्यात मिळवण्याजोगेही काही उरत नाही. भास्कराचार्यांचा अच्युत याच जातीचा. ईशावास्य उपनिषदाच्या शांतिमंत्रातले ‘पूर्णातून पूर्ण काढले तरी पूर्णच उरते’ हेही ब्रह्माविषयीचे विधान आहे. त्याला वजाबाकीचे सूत्र मानले, तर गणित चुकते आणि मंत्राचा अर्थही हातचा जातो.

शाळेत शून्याने भागाकार करू नये असे शिकवतात, ते बरोबरच आहे.