चुकीच्या आकड्याचे काय करावे?

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. संवेदकात बिघाड झाल्याचा खुलासा हवामान खात्याने केला आणि बातमी विरली. आमच्या मनात मात्र प्रश्न उरला. संवेदक बिघडणे हा अपराध नव्हे; पण त्याचा आकडा पुढे पाठविणाऱ्याचे कर्तव्य कोणते?

संवेदक आणि संगणक यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर’ नावाची छोटी आज्ञावली दुभाष्याचे काम करते. तार तुटली की तिने शून्य लिहावे, मागचाच आकडा पुन्हा द्यावा, की ‘वाचन मिळाले नाही’ असे कळवावे? सरकारी नोकरीत आम्ही पर्जन्यमापनाच्या नोंदवह्या पाहिल्या आहेत. पाऊस नव्हता तेथे शून्य आणि मापक कोणी वाचलाच नाही तेथेही शून्य! पहिले शून्य ज्ञान आहे, दुसरे अज्ञान. बेरजेत मात्र दोन्ही सारखीच. मागचा आकडा पुन्हा देणे तर याहून घातक. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या आपल्या कृष्णा-दूधगंगेकाठी, पाणी चढत असताना पातळीमापक दोन तासांपूर्वीचीच पातळी सांगत राहिला, तर गाव निर्धास्त झोपेल.

मग अशक्य वाटेल ते सरळ फेकून द्यावे काय? २७ जुलै २००५ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्यास शंभराच्याही आत. एखाद्या अतिशहाण्या आज्ञावलीने शेजारचा आकडा पाहून सांताक्रूझला खोटे ठरविले असते, आणि ते तर खरे होते. उलट ‘डीएस१८बी२०’ हा स्वस्त तापमान-संवेदक वीज मिळताच, काहीही मोजण्यापूर्वी, ८५ अंश सांगतो. त्याची कक्षा उणे ५५ ते १२५. म्हणजे हा खोटा आकडा अगदी कायदेशीर!

म्हणून आमचे मत असे की, तार तुटली किंवा पडताळणीची बेरीज जुळली नाही, तर ड्रायव्हरने ठामपणे नकार द्यावा. कारण ते त्याला निश्चित ठाऊक असते. केवळ विचित्र वाटणारा आकडा मात्र पुसू नये. संशयाची खूण करून जसाच्या तसा वर पाठवावा. निवाडा आजूबाजूची परिस्थिती जाणणाऱ्याने करावा. अडचण एवढीच, की वरच्यांना रिकामा रकाना खपत नाही. ‘येथे काहीतरी भरा’ हा शेरा आम्ही ज्या कचेरीत वाचला, तेथे दुसऱ्याच दिवशी सगळे रकाने भरलेले होते.