मिठाचे साठ पुडे

११ मार्च २०११ रोजी जपानच्या किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला, त्सुनामी आली आणि फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातून किरणोत्सार बाहेर पडू लागला. तिथून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, चीनमधल्या निंगबो शहरात, एक सायकल दुरुस्त करणारा राहत होता. त्याच्या टपरीच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती. जूनमधला पाऊस लागायच्या आत नवा पत्रा टाकायचा म्हणून त्याने पैपै करून सहाशे युआन जमवले होते.

पाच दिवसांनी गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणाले, मिठातले आयोडीन खाल्ले की किरणोत्सार बाधत नाही. दुसऱ्याने भर घातली, समुद्रच नासला, आता पुढे चांगले मीठ मिळायचे नाही. संध्याकाळपर्यंत दुकानांपुढे रांगा लागल्या.

सायकलवाल्याला हे काही खरे वाटले नाही. पण गिऱ्हाइके टपरीवरून मिठाच्या पिशव्या घेऊन जाऊ लागली, तसे त्याचे हातातल्या पान्यावर लक्ष लागेना. ‘मला पटत नाही ते ठीक, पण सगळ्यांनी नेऊन संपवले तर?’ असा विचार करून तो उठला आणि ओळखीच्या आजींच्या दुकानात गेला.

‘‘आजी, मीठ द्या. साठ पुडे.’’

‘‘घरात महिन्याला किती लागतं रे?’’

‘‘अर्ध्या किलोचा एक पुडा.’’

‘‘मग दोन ने. मागे माणसं उभी आहेत.’’

‘‘पण उद्या मिळालंच नाही तर?’’

‘‘प्रत्येकाने दोन-दोन नेले तर उद्याही मिळेल. तू साठ नेलेस, तर मात्र मागच्याला आजच मिळायचं नाही.’’

सायकलवाल्याला राग आला. म्हातारी चढ्या भावासाठी माल दडवते आहे, असे त्याला वाटले. तो तडक समोरच्या दुकानात गेला. तिथे एरवी दीड-दोन युआनला मिळणारा पुडा दहा युआनला चालला होता. ‘‘शेवटची दोनच खोकी उरलीत,’’ दुकानदार ओरडत होता. ती विकली गेली की आतून आणखी दोन यायची आणि तीही शेवटचीच असायची. लोक भाव विचारत नव्हते, आधी पैसे पुढे करत होते. सायकलवाल्याने सहाशे युआन मोजून दिले आणि साठ पुडे सायकलवर लादून घरी आणले. त्या रात्री त्याला शांत झोप लागली असती, पण मुलगी अजून जागी होती.

शाळेत विज्ञान शिकणाऱ्या त्या मुलीने पुड्यावरचे आकडे वाचले आणि वहीत हिशेब मांडला. ‘‘बाबा, अशा वेळी डॉक्टर आयोडीनची जी गोळी देतात, तेवढं आयोडीन या मिठातून मिळवायचं तर एका वेळी तीन किलोहून जास्त मीठ खावं लागेल.’’

‘‘मग?’’

‘‘मग किरणोत्साराच्या आधी मीठच आपला जीव घेईल. आणि ती गोळीसुद्धा गळ्यातल्या एका ग्रंथीपुरतीच असते.’’

‘‘पण समुद्र नासल्यावर मीठ येणार कुठून?’’

‘‘आपल्या देशातलं खायचं बरंचसं मीठ खाणींतून, विहिरींतून आणि खाऱ्या सरोवरांतून येतं. समुद्राचं त्यात थोडंच.’’

सायकलवाला गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी सरकारने जाहीर केले, मीठ मुबलक आहे, साठेबाजी करू नका. मालाच्या गाड्या शहरात येऊ लागल्या. दोन-तीन दिवसांत मीठ पुन्हा जुन्या भावाने मांडून ठेवलेले दिसू लागले. सायकलवाला पुडे परत करायला गेला, तर समोरच्या दुकानापुढे पुन्हा रांग होती. फरक एवढाच की या वेळी सगळे मीठ परत द्यायला आले होते.

दुकानदार हात जोडून म्हणाला, ‘‘परत घेऊन ठेवू कुठे? त्या दिवशी हातात आले ते सगळे पैसे घालून मीच दुप्पट भावाने गाडीभर मीठ उचललंय!’’ गिऱ्हाइकांना घाबरवता घाबरवता तो स्वतःच घाबरला होता. आजींच्या दुकानात मात्र नेहमीसारखी तुरळक गिऱ्हाइके होती. त्यांना नफाही झाला नव्हता आणि तोटाही नाही.

मार्च सरला. किरणोत्साराची भीती ओसरली. जूनमध्ये, दरवर्षी येतो तसा, झडीचा पाऊस आला. या पावसाची कुणी अफवा उठवली नव्हती, त्याच्यासाठी कुणी रांगा लावल्या नव्हत्या. टपरीचा पत्रा ठिकठिकाणी गळू लागला. सायकलींचे सुटे भाग गंजले, गिऱ्हाइकांना उभे राहायला कोरडी जागा उरली नाही, धंदा बसला. घरात अडगळ नको म्हणून टपरीच्या कोपऱ्यात रचलेल्या मिठाच्या पुड्यांतही पाणी शिरले आणि मिठाची ढेप झाली.

आजी छत्री घेऊन आल्या. सायकलवाला खाली मान घालून म्हणाला, ‘‘आजी, मला त्या अफवेवर विश्वास नव्हताच हो.’’

‘‘ठाऊक आहे,’’ आजी म्हणाल्या. ‘‘त्या रांगेतल्या निम्म्या लोकांचा नव्हता. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीला भ्यायला होता. म्हणून तर जे मीठ संपणार नव्हतं, ते एकाच संध्याकाळी संपलं.’’

मग त्यांनी पत्र्यासाठी उसने पैसे दिले आणि बजावले, ‘‘पुन्हा कधी सगळे धावताना दिसले, तर आधी दोन गोष्टी विचार. मी जे विकत घेतोय त्यानं हे संकट टळणार आहे का? आणि हे पैसे मी कशासाठी ठेवले होते?’’

तात्पर्य: संकट खरे असले, तरी घाबरून घेतलेली वस्तू त्यावरचा उपाय असतेच असे नाही. दूरच्या संकटाच्या धास्तीने जो गाठ रिकामी करतो, त्याच्याकडे दारातल्या संकटासाठी काही उरत नाही.