डॅमेज, भरपाई आणि परिहार

आपल्या सीमाभागात तीन भाषा बोलण्यात अशा मिसळल्या आहेत की कुठला शब्द कुठून आला हे ध्यानातही येत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरानंतर बेळगाव जिल्ह्यात घरोघरी तीन शब्द ऐकू येत होते. पाहणीला आलेला माणूस ‘डॅमेज’ किती विचारी, आपण ‘नुकसान’ सांगत असू आणि कन्नड अर्जात ‘परिहार’ मागत असू.

‘डॅमेज’ इंग्रजीत आला फ्रेंचमधून. त्याचे मूळ लॅटिन ‘डॅम्नम’, म्हणजे तोटा. गंमत अशी की ‘एस’ लावून त्याचे ‘डॅमेजेस’ केले की कायद्यात त्याचा अर्थ पुष्कळ नुकसान असा होत नाही, तर नुकसानीपोटी द्यायची रक्कम असा होतो. आपला ‘नुकसान’ मूळ अरबी. त्याचा धात्वर्थ उणेपणा. जे उणे झाले ते भरून द्यायचे, म्हणून भरपाई. हिशेब चोख आहे. पण दुसऱ्याला पोचवलेली प्रत्येक इजा अशी भरून निघते का?

माझ्यापुरते सांगतो. खानापूर तालुक्यात आमचे थोडे भातशेत आहे. बांधापलीकडे चुलतभावाच्या हद्दीत फणसाचे जुने झाड होते. त्याची सावली माझ्या पिकावर पडे. नोकरीतून सुट्टीवर आलो असताना, भाऊ परगावी गेल्याचे साधून, मी ते तोडून टाकले. भाऊ कोर्टात गेला. मी आठ हजार रुपये भरावेत असा निकाल झाला. मी ते एकरकमी भरले आणि प्रकरण मिटले असे समजलो. दादाने मात्र बोलणे टाकले ते टाकलेच.

रोमन कायदेपंडितांनी दोन गोष्टी वेगळ्या ओळखल्या होत्या. ‘डॅम्नम’ म्हणजे तोटा आणि ‘इंजुरिया’ म्हणजे अन्याय. इंग्रजीतला ‘इंज्युरी’ याच दुसऱ्या शब्दातून आला. शरीराची जखम हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. वादळाने झाड पडले तर तोटा होतो, अन्याय होत नाही. उलट, तोटा नसतानाही अन्याय होऊ शकतो. इंग्लंडात अॅशबी नावाच्या मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिले नाही. त्याला हवे होते तेच उमेदवार निवडून आले. म्हणजे नुकसान काहीच नाही. तरीही त्याचा हक्क डावलला गेला, असे १७०३ सालच्या या खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी मानले आणि पुढे उमरावांच्या सभागृहाने ते उचलून धरले.

माझ्या हातून दोन्ही घडले होते. पैसे भरले ते तोट्याचे.

हे मला कायद्याच्या पुस्तकाने नव्हे, काकूंनी शिकवले. एका लग्नात भेटल्या तेव्हा मी म्हणालो, ‘काकू, सगळे पैसे दिले की मी!’ त्या म्हणाल्या, ‘पैसे पोचले रे बाबा. पण तोडताना विचारलं नाहीस, ते कुठं पोचायचं?’

घरी येऊन निकालाची कन्नड प्रत काढली. त्यात रकमेपुढे शब्द होता ‘परिहार’. कन्नडमध्ये त्याचा अर्थ भरपाई. मराठीत मात्र परिहार म्हणजे निवारण. आपण शंकेचा परिहार करतो, कामानंतर श्रमपरिहार करतो. म्हणजे रक्कम भरली होती. मनातला सल तसाच होता. अक्षरे तीच, पण एका भाषेत माझे देणे फिटले होते आणि दुसऱ्या भाषेत उरले होते.

याचा अर्थ भरपाई कमी मोलाची, असे नव्हे. ज्याचे घर पडले त्याला आधी भिंत उभी करायला पैसाच लागतो. खिशात हात न घालता नुसती माफी मागणे हा फुकटचा मोठेपणा झाला. पण पैसे देऊन ‘आता तुझे माझ्याकडे काही नाही’ म्हणणे, हाही दुसरा अन्यायच.

गेल्या पाडव्याला दादाकडे गेलो. ‘विचारायला हवं होतं, चुकलो,’ एवढेच म्हणालो. तो बराच वेळ बांधाकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘बस.’

परिहार झाला का, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. तो दादाचा आहे.