रागातले खरेपण

माउली, नातवंडांच्या चित्रकथा कधी चाळल्या आहेत का? त्यांना त्यातला खलनायकच जास्त का आवडतो, याचा मला फार दिवस उलगडा होत नव्हता. अमेरिकेतल्या ‘एक्स-मेन’मधला मॅग्नेटो घ्या. १९६३ साली तो आला तेव्हा लोहचुंबकाच्या शक्तीने जग जिंकू पाहणारा नुसता दुष्ट होता. असा दुष्ट पान उलटताच विसरतो. पुढे लेखक ख्रिस क्लेअरमॉन्ट यांनी त्याला बालपण दिले, नाझींच्या आउशवित्झ छळछावणीतले. वेगळी जन्मली म्हणून आपली माणसे पुन्हा मारली जाऊ नयेत, एवढेच त्याचे म्हणणे. यात खोटे काय? आपण मान डोलावतो आणि त्या भरात त्याचा संहारही पोटात घालतो. भावकीच्या भांडणात आपलेही असेच होते ना? चूक समोरच्याची खरीच असते. पण तिच्या जोरावर आपण त्याच्या लेकरांशीही बोलणे टाकतो.

१९८१ च्या १५० व्या अंकात मॅग्नेटोचा घाव किटी नावाच्या कोवळ्या मुलीवर बसतो. तीही वेगळी जन्मलेली, ज्यांच्यासाठी तो लढत होता त्यांतलीच. ती मेली असे समजून तो तिला उचलून घेतो. ती वाचते, पण त्या दिवशीचे लढणे तो तिथेच सोडतो.