साक्ष, वर्तमानकाळातली

आमच्या मंडळीत साक्ष द्यायला उभ्या राहणाऱ्या माणसाचं दुःख बहुतेक वेळा भूतकाळातलं असतं. आजारी होतो, प्रभूने बरं केलं. नोकरी गेली होती, प्रभूने दुसरी दिली. घरात भांडणं होती, आता शांती आहे. लहानपणापासून अशा साक्षी मी ऐकत आले, आणि त्या खोट्या मानायचं मला काही कारण नाही. पण ज्याचं दुःख अजून सरलेलं नाही तो साक्षीला उभाच राहत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

एकदा एक बाई उभ्या राहिल्या. घरगुती प्रार्थनासभा होती, सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. बाई म्हणाल्या, मुलगा अजून पितो. काल रात्री घरातली पितळेची भांडी घेऊन गेला. सात वर्षं प्रार्थना करतेय, काही फरक नाही. एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं वाक्य येईल म्हणून सगळे वाट बघत राहिले. ते आलं नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी गाणं सुरू केलं, बाकीच्यांनी सूर धरला आणि बाई पदर सावरत खाली बसल्या. त्या गाण्यात माझाही आवाज होता. नंतर त्या सभेला येईनाशा झाल्या.

‘साक्ष’ हा कचेरीतलाही शब्द. साक्षीदाराने पाहिलं तेवढं सांगायचं असतं. निकाल काय लागेल ही त्याची जबाबदारी नाही. आम्ही मात्र साक्षीदाराकडूनच निकाल मागतो, आणि तोही देवाच्या बाजूने लागलेला.

ज्या पुस्तकावर हात ठेवून आम्ही हे करतो, त्या पुस्तकाची रीत अशी नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांतली बरीचशी शेवटी स्तुतीकडे वळतात, हे खरं. पण ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह बांधला त्यांना त्याच्या शेवटी एखादी आशेची ओळ जोडणं अवघड नव्हतं. त्यांनी ती जोडली नाही, आणि तसंच ते स्तोत्र मंदिरात म्हणायला दिलं. खुद्द येशूने वधस्तंभावर २२व्या स्तोत्राच्या आरंभीचा आक्रोश केला. दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. तोंड उघडलं तेव्हा ते देवाची बाजू मांडू लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. तक्रार करणारा ईयोब नीट बोलला, असं देवानेच म्हटलं.

मराठी माणसाला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, त्याला बोल लावतात, आणि त्यालाच भक्ती म्हणतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असं नारायण वामन टिळकांनी सांगून ठेवलं. ती वाट आम्ही अभिमानाने मिरवतो, पण तिच्यावरून चालत आलेला भांडणाचा हक्क वाटेतच कुठेतरी टाकून दिला.

टिळकांच्या घरातच त्या हक्काचा पुरावा आहे. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या, मुलाला घेऊन, नातेवाइकांच्या आधाराने. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांत मनाची काय दशा झाली ते त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आहे; टिळकांचा संताप, पैसा हाती टिकू न देणारं त्यांचं औदार्य आणि त्यापायी संसाराची झालेली ओढाताणही आहे. पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालं. टिळक तोवर ख्रिस्ती समाजाचे पूज्य कवी झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर प्रेम केलं, म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसवलं नाही.

पण या बाबतीत मी पुन्हापुन्हा जाते ती पंडिता रमाबाईंकडे. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पटकीने नवरा. १८८३ साली लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन त्या इंग्लंडला पोचल्या, तर बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे विष घेतलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबरला, वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. इतकं सोसलेल्या बाईने धर्माच्या कुशीत शिरून गप्प बसावं, असं कुणालाही वाटलं असतं. त्या बसल्या नाहीत. वाँटेजच्या ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या मायेने ‘आजीबाई’ म्हणत, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांतून वाद घातला. जे पटलं नाही ते पटलं असं लिहिलं नाही.

१८९७मध्ये, मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली सोडवून आणत असताना, त्यांनी स्वतःच्या घरच्या दुष्काळाची हकिगत लिहिली. दागिने, चांदी, तांब्याची भांडी विकून पैसा दानधर्मात गेला. भीक मागायची लाज, मजुरीची त्याहून लाज. शेवटी रानातली पानं आणि पाणी. म्हाताऱ्या वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. ही हकिगत सांगताना रमाबाईंनी आपली भूक आणि आपला अहंकार दोन्ही झाकले नाहीत.

त्याहून मोठं धाडस १९०७च्या आत्मकथनात आहे. त्याआधी दोनच वर्षं, १९०५ साली, त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट येऊन गेली होती. जग विजयाची कहाणी ऐकायला टपलेलं होतं. अशा वेळी रमाबाईंनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतरची सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं, शारदा सदन उघडलं. लोक त्यांना ख्रिस्ती म्हणून ओळखत होते, कित्येक त्याबद्दल त्यांना शिव्या देत होते. आणि आतून त्या रिकाम्या होत्या. हे त्यांनी आपल्या हाताने लिहून ठेवलं.

मग आम्ही लपवायला कुठे शिकलो? मला वाटतं, याचं मूळ आमच्या पणजोबांच्या घरात आहे. बाप्तिस्मा घेतला की घर सुटायचं, पाणवठा बंद व्हायचा, कधी बायकोमुलं दुरावायची. नातेवाईक वाट बघत असायचे की हा पस्तावतो कधी. ‘बघ, आम्ही सांगत होतो’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असायचं. अशा माणसाने ‘मला इथेही त्रास आहे’ असं म्हणायचं कुणाजवळ? मिशनच्या अहवालालाही त्रास नको असायचा, बदल हवा असायचा. त्या पिढीने ओठ घट्ट मिटले ते जगण्यासाठी. त्यांना मी दोष देत नाही. पण गरज सरली तरी सवय राहिली, आणि हल्लीच्या ‘विश्वास ठेवा, सगळं मिळेल’ छापाच्या प्रवचनांनी तिच्यावर शिक्का मारला. आता न मिळणं हा विश्वासातला उणेपणा ठरतो. आजारी माणसाने आजारही सोसायचा आणि आरोपही.

हा आरोप मी माझ्या आईवर झालेला पाहिला. तिला कंपवात आहे, तीन वर्षं ती अंथरुणावर आहे. भेटीला आलेल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, अगदी प्रेमाने, विचारलं, “आक्का, मनात काही पाप राहिलंय का, तपासून पाहिलंत का?” आयुष्यभर बायबल उशाशी घेऊन झोपलेली माझी आई काही बोलली नाही. ते गेल्यावर मला म्हणाली, “रात्री हाका मारते गं त्याला. आजकाल ऐकत नाही.” मी घाईने म्हणाले, “असं बोलू नये, आई.”

सभेतल्या त्या बाईंच्या वेळी मी गायले होते, इथे हे बोलले. दोन्हीचा अर्थ एकच होता.

गेल्या महिन्यात आमच्याकडे प्रार्थनासभा झाली. साक्षीची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, आई आजारी आहे. बरी होत नाहीये. तिला देव ऐकत नाही असं वाटतं, आणि काही रात्री मलाही तसंच वाटतं. आम्ही प्रार्थना करतो आहोत. पुढचं वाक्य माझ्याजवळ नव्हतं, म्हणून मी खाली बसले. कोपऱ्यात कुणीतरी गाण्याचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, आणि मिटून मांडीवर ठेवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. आतल्या खोलीतून आईने विचारलं, “कोण बोलतंय गं?”

“मी, आई,” मी म्हटलं.

“मग थांबलीस का?” ती म्हणाली.