धरण भरलं का?

भंडारदऱ्याला शेंडीच्या रस्त्यावर एका टपरीत भज्यांची वाट बघत बसलो होतो. पाऊस आडवा येत होता. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला आणि भलतीकडेच बघत म्हणाला, "धरण भरलं का?"

विषय माझ्या आवडीचा. मी सुरू झालो: प्रवरेवरचं धरण, १९२६ साली पुरं झालं, गव्हर्नर विल्सनचं नाव दिलं, अकरा टीएमसी पाणी मावतं. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगू लागलो, तेवढ्यात कढईपाशी बसलेली त्याची आजी झारा ठेवून उठली.

"त्याला धरणाचं काय घेणं! लघवी लागलीय." हात धरून ती त्याला टपरीमागं घेऊन गेली.

परत आल्यावर तिनं उलगडा केला. मुलाला स्वमग्नता आहे. पावसाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा हाच प्रश्न विचारतो. एकदा कुणीतरी तो विचारत असतानाच मुलाची चड्डी ओली झाली. तेव्हापासून त्या गरजेला हेच शब्द.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांच्या नोंदी छापून या स्थितीला नाव दिलं. तीन वर्षांनी त्यांनी अशा मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या बोलण्यावरच एक लेख लिहिला. त्यातला एक मुलगा पातेलं दिसलं की एका बडबडगीतातले शब्द म्हणे. तो दोन वर्षांचा असताना आई तेच गाणं म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं पडलं होतं. बोलणं असंबद्ध नव्हतं, ऐकणाऱ्याला तो दिवस ठाऊक नव्हता.

अशी पुष्कळ मुलं 'मी'च्या जागी 'तू' म्हणतात. भूक लागली की आईलाच विचारतात, "भूक लागली का तुला?" भुकेच्या वेळी कानावर पडलेलं वाक्य तेच असतं ना! आपण मात्र "मला म्हण, मला" असं दटावत बसतो. ताट राहतं बाजूला. पाहुणे आले की "काकांना नाव सांग" ही परीक्षा. नाव नाही आलं की त्याच्या देखतच, "त्याला काही कळत नाही हो." हे वाक्य मी सुशिक्षित घरांत जास्त ऐकलंय.

खुद्द कॅनरही पुढं स्वमग्नतेचं कारण म्हणून आईबापांच्या थंडपणाकडे बोट दाखवू लागले. ब्रुनो बेटलहाइमनं १९६७ च्या पुस्तकात तर त्याचा सिद्धांतच केला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं स्वमग्नतेचं मूळ शरीरात आहे असं मांडलं होतं. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. आईबापांना दोष देणारा तो सिद्धांत केव्हाच बाद झाला. आपल्याकडे "आईनंच मोबाईल हातात दिला" या रूपात तो अजून नांदतो.

आजीला म्हटलं, त्याचे असे शब्द कुणी लिहून ठेवलेत का? ती हसली. "लिहायला मला कुठं येतंय? हायेत डोक्यात."

आईबाप नारायणगावकडे मजुरीला. निघता निघता बापाचा फोन आला. आजीनं तो नातवाच्या कानाला लावला. मुलगा म्हणाला, "धरण भरलं का?"

"भरलं आसंल की रं," पलीकडून बाप मोठ्यानं, खुशीत म्हणाला, "पाऊस हाय ना तिकडं!"

आजीनं फोन माझ्या हातात दिला आणि नातवाला घेऊन टपरीमागं गेली.